झामसिंगच्या घरची मुन्नीबाई

“जे घडलं तेच दाखवा, नाई तं खेळावरून माझं नाव काढा.”

दवनीवाड्याचे झामसिंग काकाजी हे इतक्या वेळा बोलले की आमची ढोलकीही तेच बोलली असती. दंडारी, म्हणजे आमच्याकडची लोकनाट्यं, लिहिणारा असा माणूस आमच्या भागात दुसरा झाला नाही. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत खेळ लागायचा तो त्यांचाच.

१९९९ साली ते गाव सोडून डोंगरगडला गेले. तिथल्या मुन्नालाल टेलरसोबत एका घरात, एका चुलीवर राहू लागले. दोघं एकमेकांचे होते. गावाला ते ठाऊक होतं, पण गाव बोलत नसे. पुढे डोंगरगड नव्या छत्तीसगड राज्यात गेलं, दोघांचे केस पिकले, तरी दर दिवाळीआधी त्या परमुलखातून नवी दंडार येत राहिली.

२०१३ साली दंडार त्यांचा पुतण्या टिकेश चालवायचा. त्याने ठरवलं, यंदा खेळ काकाजींच्याच आयुष्यावर. दोघांना मानाने बोलावलं आणि दुपारी पिंपळाखाली तालीम दाखवली. खेळात डोंगरगडचं घर आलं, आणि त्या घरातून डोक्यावर पदर घेऊन, हातात चहा घेऊन भैयालाल आला. आमच्याकडे बायांची सोंगं पुरुषच घेतात; भैयालाल त्यात नावाजलेला.

“हे कोण व्हय?” काकाजींनी विचारलं.

“मुन्नीबाई. तुमची घरवाली,” टिकेश म्हणाला.

“मी लगन कवा केलो बे?”

“खेळात बाई पायजे ना, काकाजी. मंडईत लेकरं-बाया बसून रायतेत.”

“माझ्या घरी मुन्नालाल आहे. चहा मी करतो. तो पिते अन् साखर कमी म्हणते. तेवढं दाखव.”

“सबन गावाले मालूम आहे. दाखवाचं कायले?”

“म्हणजे लुगड्यातला भैयालाल चालते, पॅन्टातला मुन्नालाल चालत नाई?”

भैयालाल पदराआडून म्हणाला, “मले तं पॅन्टच बरा. हे लुगडं सुटून राहिलं.”

“तू चूप राय,” टिकेश त्याच्यावर खेकसला.

काकाजींनी कपाळाला हात लावला. जन्मभर या लोकांना लिहून दिलं, आणि आपल्या आयुष्यातला एक माणूस खरा ठेवा म्हटलं तर तेवढंही यांना होईना. त्यात मुन्नालाल उठून भैयालालचा पदर टाचू लागला.

“तू कायले मदत करून राहिला?”

“पिन गलत लगा है जी. बेचारा सबके सामने गिरेगा.”

“पडू दे.” काकाजी टिकेशकडे वळले. “मुन्नालाल मुन्नालालच राहीन. नाई तं माझं नाव काढा.”

टिकेश भैयालालला म्हणाला, “पदर घे, पुढचं चालू कर.”

काकाजींनी पिशवी उचलली. आमच्यादेखत पहिल्यांदाच मुन्नालालचा हात धरला, आणि पिकलेल्या धानामधून जाणाऱ्या रस्त्याला लागले. भैयालालने केसांचा टोप काढून टिकेशच्या हातात ठेवला. मग तसाच लुगड्यात, रस्त्याच्या कडेला, ते दोघं दिसेनासे होईपर्यंत बघत उभा राहिला.