गाव शांत हाय ना?

उन्हात जाण्याआधी लावायच्या मलमाची ट्यूब उघडली की त्या वासाबरोबर मला जालन्यातला डॉक्टरबाईंचा दवाखाना आठवतो. ऊन लागलं की माझ्या गालांवर लाल चट्टे उठत होते, बोटं सुजून भाकरी थापता येत नव्हती, आणि तपासण्यांत ल्यूपस नावाचा आजार निघाला होता. एका बाजूला नवरा बसला होता, दुसऱ्या बाजूला गावाहून आलेले माझे वडील, अप्पा. "पोरीच्या अंगात शिरलं तरी काय?" असं ते सारखं विचारत होते. बाई म्हणाल्या, "काहीच शिरलेलं नाही. विषाणू आला की पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडून शरीराला सावध करतात. हिच्या अंगात विषाणू नसतानाही तो निरोप फिरत राहतो, मग राखणदार पेशी हिच्याच सांध्यांवर, कातडीवर तुटून पडतात." अप्पा खाली बघत म्हणाले, "म्हंजे आमच्या गावात 'चोर आले'चा मेसेज फिरला तसंच की. चोर एक बी न्हाई, अन् पोरांनी अंधारात आलेल्या ह्या जावईबापूंनाच बदडलं. मेसेज मीच पुढं धाडल्ता." नवऱ्याचा हात आपोआप खांद्याकडे गेला, आणि आजार कळल्यापासून पहिल्यांदा मी खळखळून हसले. "गोळ्यांनी तो निरोप हळूहळू थंडावेल, पण गोळ्या चुकवायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. आता भाकऱ्या मीच थापते, आणि सकाळी अप्पांचा फोन येतो, "गोळी घेतली का? गाव शांत हाय ना?" "बिलकुल शांत, अप्पा." नवरा मात्र सासुरवाडीला अजून दिवसाउजेडीच जातो.