नऊशे कॅलरीची रांग

लोखंडाच्या पेट्या तोलायच्या काट्यावर मला उभं केलं. डिस्पॅचमध्ये, दोन पाळ्यांच्या माणसांदेखत. स्टोअरच्या माणसानं आकडा मोठ्यानं वाचला आणि ट्रकवाल्याकडं बघून म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर. पावणं, ही बी पेटी गाडीत चढवायची काय?"

सगळे हसले. एचआरच्या मॅडमही हसल्या, मग वहीत लिहून घेतलं. साहेबलोकांचं वजन त्याच सकाळी केबिनमध्ये झालं होतं. पडदा ओढून.

कंपनीत आरोग्य सप्ताह होता. कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या प्रेस शॉपमधल्या, पत्रा दाबून कापायच्या मशीनवरच्या, सहा बाया 'जास्त वजनाच्या' ठरल्या. सहाजणींच्या ओळखपत्रावर लाल स्टिकर. सहाजणींना एकच छापील कागद, दिवसाला नऊशे कॅलरी. कॅन्टीनमध्ये आमची रांग वेगळी. एक चपाती, उकडलेले मूग, काकडी. भात नाही. दुसऱ्यांदा वाढायचं नाही. सप्ताह संपला तरी ही रांग आणि दर शनिवारचा काटा तसाच राहिला.

वेगळी रांग म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझा आजा विहिरीपासून लांब उभा राहिलेला माणूस. बाप चळवळीची पत्रकं वाटत गावोगाव फिरला. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. तरीही त्या रांगेत जाऊन उभी राहिले. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

कारण वजन मलाही कमी करायचं होतं. आईचा एक पाय साखरेनं गेला. माझीही साखर काठावर आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. कॅलरी म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. त्या कागदावरून एवढंच कळलं की खाणं हे पाप. मग मी अजून थोडं पाप कमी केलं. रात्रीची भाकरीही सोडली.

पंधरवड्यात चार किलो उतरले. मॅडमनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. नंतर काटा हलेना. बोटं गार पडायला लागली. फणीत केसांचे पुंजके. कानात एक बारीक शिट्टी, प्रेसच्या आवाजाच्याही वर.

माझ्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ती खाली येऊ नये, म्हणून दोन. माल लवकर निघावा म्हणून एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलंय. सगळ्यांना माहीत आहे. एका दुपारी जेवणानंतर मी पत्रा आत सरकवला आणि डोळ्यांपुढचं सगळं विझलं. एक हात आत. दुसरा बटणावर कलत चाललेला. शेजारच्या प्रेसवरच्या सुमनअक्कांनी दंडाला धरून मला मागं खेचलं. प्रेस आली, पत्र्यावर आदळली, वर गेली.

अक्कांनी माझे दोन्ही हात उजेडात ओढून धरले. मग म्हणाल्या, "बोटं मोज."

मोजली. दहा.

शनिवारी परत काटा. साडेचौऱ्याहत्तर. अर्धा किलो वाढलेलं.

"चोरून खातेस," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मला प्रेसवर चक्कर आली होती."

"नाटकं नकोत. पुढच्या शनिवारी बहात्तर दिसलं पाहिजे. नाहीतर तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं मला काही सांगता येणार नाही."

संध्याकाळी अक्का मला त्यांच्या भाचीकडं घेऊन गेल्या. ती सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ. माहेरी गुऱ्हाळ. तिनं कागद वाचला, मग उलटून बघितला, मागं काही लिहिलंय का म्हणून.

"तुझी उंची कुठं हाय ह्यात? वय? काम?"

"न्हाय."

"नुसती झोपून राहिलीस तरी तुझं अंग ह्याच्यापेक्षा जास्त जाळतंय. काळीज चालायला, श्वास घ्यायला, अंगात ऊब ऱ्हायला. त्याच्यावर तू आठ तास उभी. गुऱ्हाळात चिपाडं कमी पडली तर भट्टीपाशी बसलेला जळव्या काय करतो?"

"आच मंद धरतो."

"अंग बी तेच करतंय. म्हणून हात गार, म्हणून केस गळत्यात. आणि पयले चार किलो उतरले म्हणतीस, त्यात जास्त करून पाणीच गेलं. पाणी परत आलं की काटा वर. चोरी कसली त्यात?"

मग तिनं माझ्यापुरता हिशेब मांडला. लागतं त्याहून थोडंच कमी. भाकरी, डाळ, अंडं, ताक. महिन्याला दीड-दोन किलो, घाई न करता. कॅलरी म्हणजे जळण, बस. कुणाला किती जळण लागतं, ते त्याच्या अंगावर आणि कामावर ठरतं. हे इतकं साधं होतं. मला राग आला तो तिथं, तिच्या ओट्यावर बसून भाकरी खाताना.

पुढच्या शनिवारी मी काट्यापाशी गेले आणि थांबले.

"चढ."

"न्हाय चढत."

"काय म्हणालीस?"

"आधी कागदावर माझी उंची लिहा. वय लिहा. काम लिहा. प्रेसचं दुसरं बटण सोडवा. मग वजनाचं बघू, ते बी पडद्याआड."

कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनं कुणी बोललंही नाही. मॅडम वहीत लिहीत राहिल्या. "वर कळवते," म्हणाल्या.

दुपारी मी मोठ्या रांगेत उभी राहिले. वाढप्याची पळी भाताच्या डेगीवर थांबली. त्यानं माझ्या स्टिकरकडं बघितलं. "वाढा," मी म्हणाले. त्यानं वाढलं. मागं सुमनअक्का येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्याही ओळखपत्रावर लाल. उरलेल्या चौघी त्या वेगळ्या रांगेतच होत्या, खाली बघत.

आता रोज सकाळी गेटवर माझं ओळखपत्र बाजूला काढून ठेवतात. आत फोन करतात. दहा मिनिटांनी सोडतात. एखाद्या दिवशी सोडणार नाहीत, मला माहीत आहे. बटणाला टेप अजून तशीच आहे.

कारखाना निरीक्षकाला अर्ज लिहिलाय. बटणाचा फोटो जोडलाय, तो छापील कागदही जोडलाय. खाली माझं पूर्ण नाव, अक्कांची सही. चौघींसाठी जागा मोकळी ठेवलीय. त्यांनी सही केली तर ठीक, नाही केली तरी सोमवारी अर्ज जाणार. वजन मी उतरवणार आहे, माझ्या अंगाच्या चालीनं. उपाशी पोटी त्या प्रेससमोर मी पुन्हा उभी राहणार नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कुणाला उभं करू देणार नाही.