सासऱ्यांच्या रायफलीवरचे दोन बाण

फौजेच्या एका कोठारात मी तीन महिने उमेदवारी केली, ती याद्या नकलून काढण्याची. तेवढ्या काळात शेकडो बंदुकांची नावं माझ्या हाताखालून गेली. बंदूक एकही गेली नाही. ही दुसरी गोष्ट मी सासुरवाडीला कधी सांगितली नाही. कल्याणला कारकुनी करणाऱ्या जावयाला कोपरीच्या त्या घरात एरवी कोण विचारणार? म्हणून दर सणाला जेवता जेवता मी एखादी बंदूक उडवून देत असे, तोंडानेच.

मग हत्यारांचा कायदा आला आणि घरोघरच्या बंदुकांना परवाने काढायची वेळ आली. सासऱ्यांकडे त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची एक होती. भावाने ती फौजेच्या टाकाऊ मालाच्या लिलावात घेतलेली. पावती वाळवीने खाल्लेली. दसऱ्याला तिला पाटावर ठेवायचं, तेल, हळदकुंकू, शेंदूर लावायचा आणि पुन्हा खुंटीवर अडकवायचं, एवढाच तिचा उपयोग. इतक्या दसऱ्यांची पुटं चढून ती बंदुकीपेक्षा म्हसोबाच जास्त दिसे.

अर्जात हत्याराची जात, खुणा आणि किंमत भरायची होती. सासरे म्हणाले, "लिहा. जुनी बंदूक, पाच रुपये."

"असं कसं? पारख करावी लागते."

"मग करा. तुमच्याएवढं जाणतं माणूस आम्हाला कुठून मिळणार?"

त्या बोलण्यातला खडा मला तेव्हा लागला नाही. मी चिंचेचा कोळ आणि काथ्या घेऊन ओसरीवर बसलो. बायको दारातून म्हणाली, "अहो, देवाचा शेंदूर खरवडताय. आधी हात तरी जोडा." मी जोडले नाहीत.

घोड्याखालच्या लोखंडी पत्र्यावर मुकुट निघाला, त्याखाली इंग्रजी अक्षरं. नळीत करंगळी घातली तर आत पेचदार खाचा लागल्या. म्हणजे ही साधी बंदूक नव्हे, रायफल. दस्त्याच्या लाकडावर दोन बाण होते, टोकाला टोक लावलेले. यादीतली सगळी नावं माझ्या डोक्यात एकदम परेडला उभी राहिली. मी वळणदार अक्षरात लिहिलं: 'सरकारी फौजी रायफल, राजमुकुटासह, उत्तम स्थितीत, किंमत रुपये दीडशे.' सासऱ्यांनी वाचून सही केली. त्या रात्री मला दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं गेलं.

पंधरवड्याने कचेरीतून समन्स आलं. सरकारची फौजी रायफल खाजगी घरात कशी आली, याचा खुलासा आठ दिवसांत बंदुकीसह हजर राहून करावा. न केल्यास फौजदारी खटला.

सासरे रोज सकाळी तुरुंगाच्या बाजूने फिरायला जात. ते बंद झालं. जेवण अर्ध्यावर सोडून उठू लागले. मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच सोसवेना. एकदा फक्त विचारलं, "आतमध्ये घरचं धोतर नेसू देतात का हो? तुम्हाला माहीत असेल." साठीच्या माणसाला मी आत धाडत होतो, तेही शुद्धलेखनाची एक चूक न करता.

रायफल खाडीत टाकावी तर समन्सात 'बंदुकीसह' लिहिलेलं. मला रात्रंदिवस ते बाण दिसत. कोठारातल्या तंबूंवर, घोंगड्यांवर बाण असे. बाण म्हणजे सरकारी माल, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. एक बाण म्हणजे सरकारी, तर दोन म्हणजे दुप्पट सरकारी. मुकुट लोखंडात होता, त्याला माझा इलाज नव्हता. बाण मात्र लाकडात होते. सातव्या दिवशी मी कानस आणली, दोन्ही बाण घासून सपाट केले आणि वर तेल-शेंदूर लावून टाकला. त्या दुपारी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

आठव्या दिवशी कचेरीत गोऱ्या साहेबाने रायफल आडवी घेतली. मराठी तो सावकाश पण नीट बोलत असे. "मुकुटाचं काही नाही. तो सगळ्यांवर असतो. दस्ता बघू." त्याने रुमालाने शेंदूर पुसला. "सरकार जुना माल विकतं, तेव्हा पहिल्या बाणासमोर दुसरा बाण ठोकतात, टोकाला टोक. तो असला की तुम्ही घरी जा. कुठे आहे?"

रुमालाखाली लाकूड नुकतं घासलेलं, पांढरंफटक होतं. सासऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. याद्या, श्रीखंड, कानस, काही ठेवलं नाही. मध्येच साहेबाने मला खुर्ची दिली. आयुष्यात साहेबासमोर बसलो तो त्या एकाच वेळी. त्याने त्या पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "इतकी मूर्खपणाची गोष्ट कुणी खोटी रचणार नाही. खटला नाही. पण खूण नाही, म्हणून बंदूक परत नाही. ती मोडतील." कागदावर किंमत लिहिण्यापूर्वी त्याने घोडा मागे ओढून पाहिला. तो लुळा पडला, आतली कमान कधीच तुटलेली होती. त्याने माझे दीडशे खोडून पाच लिहिले.

सासरे पायऱ्या उतरताना एकदाच मागे वळले. भावाची तेवढीच वस्तू घरात उरली होती.

त्या दसऱ्याला पाट मांडला, रांगोळी काढली. खुंटी रिकामी. सासरे मला म्हणाले, "जावईबापू, तुमची लेखणी द्या."

मी दिली. त्यांनी ती पाटावर ठेवली, तेलात शेंदूर कालवला आणि भावाच्या बंदुकीला लावत तसा हळूहळू, टोकापर्यंत लावला. "थोरल्यांच्या बंदुकीने जन्मात चिमणीसुद्धा मारली नाही," ते म्हणाले. "हिने बंदूक मारली. घरात हत्यार आता हेच."

मी नमस्कार केला, या वेळी हात जोडून. लेखणी परत देताना त्यांनी माझी मूठ क्षणभर दाबून धरली.

"आणि हे बघा," ते म्हणाले, "हिचा शेंदूर पुसू नका."