सासूबाईंच्या हसण्यावरचं गाणं

साऱ्या इमारतीत त्यांना कवळीकर म्हणतात. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचायला जातंय कोण? धंदा कवळ्या करायचा, म्हणून कवळीकर. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत त्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब फळी, तिच्यावर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायचा दिवा आणि झिलई करायची मोटर. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, कवळीकर त्यावर दात बसवून परत पाठवतात. काम करताना समोरच्या जबड्याशी बोलायची त्यांना सवय. "थांब जरा, डावीकडे फार मिरवतोयस तू," असं प्लास्टरला सुनावताना येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यांना ऐकलेलं आहे. घरी बायको ऐकून घेत नाही, मग माणसाने बोलायचं तरी कोणाशी?

तसा माणूस निर्मळ. दुखणं एकच, धाकटा साडू.

हा साडू टाइल्सच्या दुकानात विक्रीला. केस दाट, हसणं गडगडाटी, आणि हातात सदैव फोन. तो घरात येण्याआधी सासरची सगळी कार्यं कवळीकरच कॅमेऱ्यात धरायचे. खांद्यावर जड कॅमेरा, गळ्यात पट्टा, "सरका जरा, उजेड अडवू नका" असा दरारा. सासूबाई कोणालाही सांगायच्या, "आमच्या जावईबापूंचा हात म्हणजे दगड. हलायचा नाही." या एका वाक्यावर कवळीकर वर्षभर जगायचे. मग धाकटा आला, फोन आला, गाणी आली. तो काहीही टिपायचा, कोणी चहा ओतताना, कोणी जिना चढताना, आणि वर एखादं जुनं गाजलेलं गाणं टाकून जगभर वाटायचा. बायका डोळे पुसायच्या. चहा ओततानाच्या व्हिडिओवर रडण्यासारखं काय आहे, हे कवळीकरांना आजतागायत कळलेलं नाही.

तरीही एका बाबतीत ते धाकट्याच्या पुढे होते, आणि ती बाब सासूबाईंच्या तोंडात होती. सासूबाईंची ख्याती अशी की सत्तरीत एकही दात हललेला नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींत त्या मुद्दाम कडक बिस्कीट मोडून दाखवायच्या. खरी गोष्ट अशी की वरची अख्खी ओळ कवळीकरांनी घडवलेली होती. दार लावून मापं घेतली, रंग जुळवला, आणि लोकांना खरी वाटावी म्हणून एक दात मुद्दाम किंचित वाकडा बसवला. "तुमच्याशिवाय कोणाला कळता कामा नये. माझ्या लेकींनासुद्धा नाही," असं सासूबाईंनी बजावलं होतं. कवळीकरांनी बायकोलाही सांगितलं नाही. कधी धाकट्याचं कौतुक फारच उतू गेलं, की ते मनात म्हणायचे, मिरव बाबा. आईंच्या तोंडात कोणाचं काम आहे ते तुला ठाऊक नाही.

सासूबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला धाकट्याने खोलीभर फुगे बांधले आणि ऐन केक कापताना फोन कवळीकरांच्या हातात दिला. "दादा, तुम्ही धरा. मला आईंच्या शेजारी उभं राहायचंय, आणि हात तुमच्यासारखा कोणाचा आहे?"

आता ही स्तुती की हमाली, याचा विचार करत कवळीकरांनी फोन धरला. धरला तो असा की भिंतीवरचं घड्याळसुद्धा जास्त हललं असेल. सवयीप्रमाणे तोंडाने पुटपुटणं चालूच होतं, पण त्या गलक्यात ऐकतो कोण? आणि धाकटा वर गाणं टाकणार हे तर ठरलेलंच. तेवढ्यात सासूबाईंच्या कानाशी फुगा फुटला. त्या आधी दचकल्या, आणि मग अशा हसल्या की तीस वर्षांत कोणी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

धाकट्याने तेवढा तुकडा कापून घेतला, त्यावर एक जुनं प्रेमगीत चढवलं, आणि 'आमची हसरी आई' म्हणून सोडून दिलं.

आठवडाभर दुसरा विषय नाही. मेहुणीच्या मैत्रिणी, धाकट्याचं गिऱ्हाईक, कुठले कुठले लोक. "या वयात काय दात आहेत," असं एकीने लिहिलं. "किती सुंदर टिपलंय तुम्ही," असं दुसरीने. खाली धाकट्याने दोन्ही हात जोडलेली चित्रं टाकून सगळ्यांचे आभार मानलेले. कवळीकर फळीशी बसून एकेक अभिप्राय वाचायचे आणि अंगाची लाही लाही व्हायची. फोन धरणारा हात यांचा. दिसणारे दात यांचे. एक ते गाणं सोडलं तर त्या व्हिडिओत धाकट्याचं होतंच काय? आणि गाणं तरी कुठे त्याचं होतं?

इथेच त्यांना वाट सापडली.

पुढच्या रविवारी सासरी जेवताना त्यांनी विषय काढला. "ते गाणं लावलंस, परवानगी घेतली होतीस का रे?"

"कसली परवानगी, दादा? घरचा व्हिडिओ. मी काय तिकीट लावलंय?"

"गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे."

"म्हणून तर खाली लिहिलंय ना, की गाण्याचे हक्क माझे नाहीत."

"दुकानातून बूट उचलायचे आणि पायात घालून पाटी लावायची, हे बूट माझे नाहीत. चालतं?"

धाकटा गडगडाटी हसला. सासूबाईही हसल्या, बेताने. कवळीकरांची बायको ताटातून मान वर न करता म्हणाली, "आपल्या लग्नाच्या कॅसेटवर अकरा गाणी आहेत. कोणाची परवानगी घेतली होती?"

"ती कॅसेट कपाटात आहे. जगात नाही."

"जगाने मागितली नाही म्हणून," बायको म्हणाली.

सगळे पुन्हा हसले. हे दुसरं हसणं लागलं हो त्यांना. त्याच दिवशी कारखान्यात बसून त्यांनी गाण्याच्या कंपनीचा पत्ता शोधला, धाकट्याच्या व्हिडिओचा दुवा जोडला आणि लिहिलं, "आपले गीत विनापरवाना वापरले जात आहे, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो." खाली सही केली, एक संगीतप्रेमी. कवळीकरांना संगीतातलं काय कळतं म्हणाल, तर मोटर बिघडली की तिचा सूर बदलतो, एवढं.

काही दिवसांतच व्हिडिओ मुका झाला. चित्र दिसे, सासूबाई हसत, पण आवाज नाही. खाली सूचना होती की संगीताच्या हक्कधारकाने हरकत घेतली आहे. कवळीकरांनी तो मुका व्हिडिओ चार वेळा पाहिला. असं समाधान त्यांना बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं.

धाकट्याचा फोन आला. "दादा, तुम्ही म्हणत होतात तेच झालं बघा. तुमचं ऐकायला हवं होतं."

"आता काय करणार?" कवळीकरांनी शक्य तितक्या दुःखाने विचारलं.

"काय करायचं? गाणं काढून टाकतो आणि तसाच पुन्हा चढवतो. आईंना रोज बघायचा असतो ना."

गाणं काढल्यावर त्याखाली काय उरतं, हा विचार त्या क्षणी दोघांपैकी कोणालाच सुचला नाही. धाकट्याने दुकानात, फरशी कापायचं यंत्र बाजूला करवतत असताना, गाणं पुसलं आणि न ऐकताच व्हिडिओ चढवून दिला. कवळीकरांनी तो उघडला आणि कानाशी धरला. स्मशानशांतता ऐकायची तयारी होती. ऐकू आला तो त्यांचाच आवाज. फोन त्यांच्या तोंडाशी होता, त्यामुळे बाकी सगळे लांब आणि हे अगदी जवळ.

"हा टाइल्सवाला मध्येमध्ये का येतो... सरक की... हं. आई, बेताने. बेताने हसा. वरची अजून नीट बसलेली नाही. फुग्यामागोमाग कवळी उडेल."

कवळीकरांनी हातातला जबडा फळीवर ठेवला. ठेवला म्हणजे तो ठेवला गेला. दोन दात निखळले. त्यांनी धाकट्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. दुकानात ते यंत्र चालू असलं की त्याला घंटी ऐकू येत नसे. तोवर खाली अभिप्राय यायला लागले होते. पहिलाच सकाळी फिरणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीचा, "कवळी? कोणाची कवळी?"

धाकट्याने फोन उचलला तेव्हा संध्याकाळ झाली होती. तो इतकंच म्हणाला, "दादा, आवाज तुमचा आहे का?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. पण सगळ्या गोतावळ्यात बेताने हा शब्द एकच माणूस वापरतो.

सासूबाई फिरायला जायच्या बंद झाल्या. कवळीकरांशी बोलायच्याही बंद झाल्या. बायकोने घरात मोठा तमाशा केला नाही, फक्त भाजी वाढताना म्हणाली, "माझ्या आईचे दात, आणि मला परक्या बाईने फोन करून सांगावं." मग थोड्या वेळाने, "ते गाणं कोणी काढायला लावलं, हे मी विचारत नाही." न विचारताच तिला सगळं कळतं, हीच तर त्या संसाराची अडचण आहे.

वर बातमी अशी की धाकटा सासूबाईंना एका मोठ्या दवाखान्यात नेणार आहे. पक्के दात, हाडात बसवलेले. हे ऐकलं आणि कवळीकरांची झोप उडाली. हात गेला, कॅमेरा गेला, गाणं तर कधी नव्हतंच. पण आईंचं तोंड? तिथेही हा शिरणार?

एका सकाळी कारखान्याचं दार वाजलं. सासूबाई. तोंडावर रुमाल धरलेला. आत आल्या, स्टुलावर बसल्या, दुसऱ्या रुमालात गुंडाळलेली कवळी फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "टोचतीय."

दातांवाचून शब्द निम्मे वाऱ्यावर जात होते, पण हा कळला. कवळीकरांनी कवळी उजेडात धरली. डावीकडे कड किंचित वर आली होती. ती त्यांना वाढदिवसालाच दिसली होती, म्हणून तर बेताने, बेताने चाललं होतं.

"आई, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. घासा."

ते घासायला बसले. दवाखान्याचं काय ठरलं, हे विचारायचा धीर होईना. सासूबाईच बोलायला लागल्या. "धाकट्यांनी बघा, सगळा दोष स्वतःवर घेतला. माझ्या मैत्रिणींना जाऊन सांगितलं, तो विनोद होता, मीच बोललो. कोणी विश्वास ठेवला नाही, ते सोडा. पण मन बघा माणसाचं."

कवळीकरांनी मान हलवली.

"शिवाय म्हणाले, आई, तुम्ही दात काढून हसलात तरी गोड दिसता. असं बोलायला सुचतं कोणाला? आणि दवाखान्याचं म्हणाल, तर मी त्यांना सांगितलं, माझं तोंड मी एकाच माणसापुढे उघडते. तर म्हणाले, बरोबर आहे आई, दादांच्या हाताला तोड नाही. किती मोठेपणा..."

म्हणजे दात कवळीकरांकडेच राहिले. हवं होतं ते मिळालं, पण मिळालं तेसुद्धा धाकट्याच्या शिफारशीवर. त्यांनी मोटर चालू केली. तिचा घरघराट खोलीभर पसरला. समोर सासूबाईंचे ओठ हलत होते, डोळ्यांत कौतुक होतं, आणि शब्द एकही ऐकू येत नव्हता.

कड केव्हाच गुळगुळीत झाली होती. कवळीकर कवळी फिरवत राहिले, मोटर चालू ठेवून.