आधी घास कोणी घ्यायचा

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस जालना जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याच हाताखाली वाढपी असणार. बदनापूरजवळ हायवेवरच्या एका रेस्टॉरंटात ते वीस वर्षं मॅनेजर आहेत. पण काउंटरमागच्या खुर्चीला त्यांची पाठ कधी लागली नाही. लग्नाच्या पंगतीत मुलीचा बाप फिरतो तसे ते टेबलाटेबलांतून फिरतात. कोणी अर्धी भाकरी टाकून उठला, की हे दारात आडवे! "कडक झाली का? बसा, दुसरी येऊन राह्यली." एकदा एक बडे साहेब जेवता जेवता फोनवर बोलत बसले, तर यांनी सरळ फोन काढून घेतला आणि पलीकडच्याला सांगितलं, "साहेब जेवून राह्यलेत. अर्ध्या तासानं करा." आणि स्वतः? दुपारचं शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन जाईपर्यंत तोंडात घास नाही.

हा फोनचा प्रकार कुणीतरी मोबाइलवर टिपला, तो गावभर फिरला आणि एक दिवस चॅनेलवाले यांना शोधत आले. गावोगावच्या चुलीवरचं जेवण दाखवायचा कार्यक्रम होता, आणि गावोगाव जाऊन ते खाऊन दाखवणारा माणूस म्हणून त्यांनी यांनाच घेतलं. साडू त्यात असे काही रमले की विचारू नका! बायका त्यांच्यासोबत फोटो काढू लागल्या, मेहुणीबाई उगाचच इस्त्रीची साडी नेसून भाजीला जाऊ लागल्या.

मग नवा दिग्दर्शक आला. धावडा गावात एका आजीबाईंच्या अंगणात शूटिंग होतं. मीही हौसेनं गेलो होतो. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, ताट तयार. दिग्दर्शक म्हणाला, "पहिला घास तुम्ही घ्यायचा, डोळे मिटायचे आणि 'वा!' म्हणायचं."

"न्हाई जमणार," साडू म्हणाले. "हे कॅमेरेवाले सकाळपासून उपाशी हायेत. जिनं रांधलं ती उभी हाय. अन् मी आधी खाऊ?"

"मग आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बिलकुल बघा. पण आधी जेवा, मंग बघा!"

आणि त्यांनी आजीबाईंसकट सगळ्यांना बसवलं, दिग्दर्शकालाही. स्वतः वाढलं. येताना मी गाडीत चिडून म्हणालो, "एक घास घेतला असता तर काय बिघडलं असतं?"

"वीस वर्षं गिऱ्हाइकाच्या आधी जेवलो न्हाई, पाव्हणं. आता सगळा महाराष्ट्र पाहून राह्यला म्हणून जेवू व्हय?"

पुढच्या आठवड्यात त्यांच्या जागी एक गोरागोमटा नट आला.

परवा रेस्टॉरंटात जेवायला बसलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीत तो नट डोळे मिटून 'वा!' म्हणत होता. साडू हातात भाकऱ्यांची टोपली घेऊन बघत राहिले. मला वाटलं, आता एखादी शिवी हासडतील.

"मला लई आवडायचं हो, पाव्हणं, टीव्हीत दिसणं," ते हळूच म्हणाले, आणि माझ्या ताटात गरम भाकरी टाकून पुढच्या टेबलाकडे गेले.