आंबराईच्या बदल्यात टर्की

चंद्रपूर स्टेशनवर सकाळी उतरले तेव्हा माझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात थर्माकोलचं रिकामं खोकं. खोकं धाकट्या भावाच्या, विलासच्या हुकमावरून आणलं होतं. "ताई, येताना टर्की घेऊन ये, पोल्ट्रीवाल्याला सांगून ठेवलंय," असं त्यानं फोनवर सांगितलं, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला सांगावी तसं.

आमचे हे बंधुराज काही वर्षं अमेरिकेत होते. तिथून परत आले, पुण्यातली बरी नोकरी सोडली आणि आता सावली गावात सासऱ्यांच्या घरी मुक्काम ठोकून आहेत. घरजावई म्हटलेलं त्यांना आवडत नाही. सासऱ्यांच्या आंबराईत पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या, ताडोबा बघून आलेल्या पर्यटकांना धुरावर शिजवलेलं मांस खाऊ घालायचं, असा बेत. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, फक्त इथे हौस जावयाची आणि आंबराई सासऱ्यांची.

रिक्षानं जुन्या परकोटाच्या वेशीतून बाहेर काढून मला पोल्ट्रीवाल्याकडे नेलं. पक्षी सोलून, बर्फात घालून तयार होता. एवढा मोठा, की खोक्याचं झाकण लागेना. शेवटी ओढणीनं बांधलं. सावलीच्या बसमध्ये कंडक्टर त्या गाठोड्याकडे बघत उभा राहिला.

"काय हाये ह्याच्यात, बाई?"

"मोठी कोंबडी आहे."

त्यानं खोकं उचलून पाहिलं. "हिचं अर्धं तिकीट काढा लागते मंग," म्हणाला आणि न हसता पुढे गेला.

मूल गाव मागे पडलं, तशी दोन्हीकडे धानाची कापलेली शेतं सुरू झाली. बांधांजवळ पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग) उभे होते, मधेमधे बोड्या (शेतातली लहान तळी) चमकत होत्या. डिसेंबरचं ऊन चांगलं वाटत होतं. बर्फ वितळून पाणी माझ्या चपलेत येत होतं, त्यामुळे निसर्गाचं कौतुक मला जरा आवरतं घ्यावं लागलं.

सावलीला पोचल्यावर जेवायला तांदळाची भाकरी, अंबाडीची भाजी आणि झिंग्यांची चटणी होती. असं जेवण समोर असताना माणसाला परदेशी पक्षी आठवतोच कसा, हे मला कळलं नाही. तिथेच सगळा करार समजला. विलासचे सासरे, डोमाजी, शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, "मी जवाईबापूले सांगतलं, बाई. थे पाखरू मी पोट भरून खाल्लं, त आंबराई तुमची. पोट नाई भरलं, त पुन्हा इषय काढाचा नाई."

विलास खुशीत होता. त्याची बायको सुषमा मात्र ताटात बघत होती. आत आल्यावर तिनं मला सांगितलं, "ताई, आंबराई मिळाली नाही तर हे पुण्याला परत जायचं म्हणतात. आणि तिथे तोंड दाखवायला लाज वाटते असंही म्हणतात." तेव्हा माझी थट्टा थोडी ओसरली. काही झालं तरी धाकटा भाऊ आहे.

संध्याकाळी 'ब्राइन' नावाचा विधी झाला. म्हणजे मिठाचं पाणी. त्यात गूळ, मिरे, तेजपान, संत्र्याच्या साली. घरातल्या सगळ्यात मोठ्या गंजात (पातेल्यात) पक्षी उलटा बुडवला, तर पाय वर राहिले. मग वरवंटा ठेवून त्याला दाबलं. आमच्या आईनं याला लोणचं म्हटलं असतं आणि गप्प बसली असती. विलासनं मात्र मला मांसात मीठ कसं मुरतं यावर व्याख्यान दिलं. उभ्यानं ऐकलं, कारण पाट गंजावर झाकण म्हणून गेला होता.

दुसऱ्या दिवशी अंगणात धान उकडायचा जुना ड्रम मांडला. आत पक्षी टांगून खाली आंब्याची लाकडं धुमसत ठेवायची, ज्वाळा होऊ द्यायची नाही, झाकण उघडायचं नाही, दिवसभर नुसता धूर. विलास खुर्ची टाकून बसला. डोमाजी उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "मी जरा गावात फिरून येतो," आणि गेले.

थोड्या वेळानं शेजारच्या सखूबाई फुंकणी घेऊनच आल्या.

"धूर काऊन होऊन राह्यला? लाकूड ओलं हाये का?"

"धूरच पाहिजे," विलास म्हणाला.

"कोणाले पाह्यजे धूर?" असं म्हणून त्या खाली बसल्या आणि अशी फुंकर घातली की ज्वाळा ड्रमाच्या वर आली. उभा जन्म चुलीपाशी गेलेल्या बाईला धुमसती चूल बघवत नाही. घरच्या सुनेची अब्रू जाते त्यात. विलासनं तांब्याभर पाणी ओतलं. मग बोडीवर मासे धरणारे गणपतभाऊ आले. त्यांनी झाकण उचलून बघितलं, पक्षी उलटा केला, पुन्हा झाकला. "डोमाजीभाऊनं धाडलं," म्हणाले. "जवाई एकटेच हायेत म्हणे." मग कुणी आंब्याच्या ढलप्या आणल्या, कुणी पळसाची पानं, कुणी नुसता सल्ला. जो येई तो निखारा सारी, फुंकर मारी, झाकण उचले. दुपारपर्यंत विलासचा विरोध संपला. उलट छाती फुगवून तो मला म्हणाला, "बघ ताई, सगळं गाव माझ्या मागे आहे."

ते खरंच होतं, पण कशासाठी ते त्याला कळलं नव्हतं. मलाही नाही.

एवढं होऊनही पक्षी झकास झाला, हे मला कबूल करावं लागतं. दिवे लागायच्या वेळी झाकण निघालं तर तांबूस, चकचकीत, वास अंगणभर. मला विलासचा अभिमान वाटला. पाटावर डोमाजी बसले, विलासनं अख्खा पक्षी परातीत त्यांच्यापुढे ठेवला आणि सुरी घेतली.

तेवढ्यात सखूबाई येऊन ओट्यावर बसल्या. मग गणपतभाऊ. मग ढलप्यावाले, पानवाले, सल्लावालेसुद्धा. प्रत्येकापुढे पळसाचं पान.

"हे काय?" मी सुषमाला विचारलं.

"हिस्सा," ती म्हणाली. "ज्यानं चुलीले हात लावला, त्याचा हिस्सा. न देऊन चालत नाही, ताई. उद्यापासून आमच्या दारात कोणी येणार नाही."

विलास सुरी धरून तसाच उभा राहिला. त्यानं सासऱ्यांकडे बघितलं. डोमाजी म्हणाले, "करा ना वाटे, जवाईबापू. लोकायनं मेहनत केली."

वाटे झाले. मांडी गेली, छाती गेली, पाठीचा सांगाडाही गेला. डोमाजींच्या पानावर लिंबाएवढा तुकडा आला. तो त्यांनी हळूहळू चघळून खाल्ला, बोटं चाटली.

"चव त लय मस्त हाये," ते म्हणाले. "पण पोट नाई भरलं."

मला राहवेना. "सगळ्यांना तुम्हीच पाठवलंत ना?"

"जवाई एकटे राबून राह्यले होते, बाई," डोमाजी म्हणाले. "बरं दिसते का?"

विलासनं परात उचलली आणि घासायला विहिरीवर गेला. सुषमाही त्याच्या मागून गेली. मी बापजन्मी इतकं सभ्य फसवणं पाहिलं नव्हतं. संताप आला, हसूही आलं, आणि पाठमोऱ्या भावाकडे बघून वाईटही वाटलं.

सकाळी बसस्टँडवर विलास माझी बॅग धरून उभा होता. डोळे सुजलेले, पण हट्ट शाबूत. "पुढच्या वेळी दोन आणतो," तो म्हणाला.

"आना ना," मला पोचवायला आलेले डोमाजी बिडी पेटवत म्हणाले. "गाव मोठं हाये."

बस मूलपर्यंत पोचली तरी माझा विचार संपत नव्हता. पुण्यात आम्ही नाही म्हणायला एक वाक्य वापरतो आणि जन्माचं वैर घेतो. डोमाजींनी नाही म्हटलंच नाही. अख्खं गाव जेवू घातलं, आणि तेही जावयाच्या खर्चानं.