सांडलेली घागर

आज सकाळी शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं, तेव्हा माझी बादली भरून वाहत होती. मी धावत जाऊन तोटी बंद केली आणि बसम्मा आठवली.

तो लातूर जिल्हा झाल्यानंतरचा पहिला झेंडा. जिल्हा झाला, आता पाणी येईल, असं सगळे म्हणत होते. आमच्या उदगीरकडच्या गावात आला तो एक टँकर, तोही नेमका झेंड्याच्या वेळी. शाळेच्या फाटकाशी बायांची रांग लागली आणि राष्ट्रगीत सुरू झालं. मी शिक्षिका, माझ्या धाकानं सगळ्या जागच्या जागी सावधान. तोटीखालची घागर भरली, पाणी धुळीत सांडायला लागलं. कुणी हललं नाही. फक्त शाळेमागं राहणाऱ्या बसम्मानं ती घागर सरकवून आपली लावली.

गीत संपताच मी तिच्यावर तुटून पडले. "लाज वाटत नाही? देशाचा अपमान केलास तू."

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "बाई, सांडून राहिलं ते पाणी कोण्या देशाचं हाय?"

मी तिला भरलेली घागर सगळ्यांसमोर ओतायला लावली. ती ओतत होती तेव्हा मी सावधान उभी होते.